ओरडता येत नाही म्हणून सुपरवायझरकी सोडायची?

निगडीच्या ताई,

तुमचा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला लागला आणि वर्षभरातच त्याच्याकडे असेंब्ली लाइन आली. टार्गेट शिफ्टला 430 नगांचं, निघतात 340च्या आसपास. वयाने मोठे ऑपरेटर त्याला जुमानत नाहीत, त्याला आवाज चढवता येत नाही, म्हणून सगळं सोडून सॉफ्टवेअरचा कोर्स करू का, असं तो विचारतोय.

ओरडल्याने नग वाढत नाहीत, हे आधी त्याला सांगा. आठ तासांच्या शिफ्टची 480 मिनिटं. जेवणाची 30 आणि दोन चहांची 20 वजा केली की उरतात 430. म्हणजे मिनिटाला एक नग, यालाच टॅक्ट टाइम म्हणतात. आता लाइनवरच्या एकाच स्टेशनला, म्हणजे एका माणसाच्या कामाच्या जागी, नगामागे 75 सेकंद लागत असतील, तर बाकीच्यांनी कितीही हात चालवले तरी शिफ्टअखेर 344च निघणार. त्याचा आकडा याच्या इतका जवळ आहे की मला तरी दुखणं तिथेच दिसतंय.

ज्याच्या अलीकडे माल साचतो आणि पलीकडचा माणूस हातावर हात ठेवून उभा असतो, ते स्टेशन. तिथे जाऊन नुसतं बघावं. बोल्टचा डबा पायाशी, दर नगाला वाकायचं. बोल्ट आवळायची गन पाठीमागे टांगलेली, दर वेळी वळायचं. डबा कमरेच्या उंचीवर आणला, गन समोर घेतली, एखादं छोटं काम रिकाम्या शेजाऱ्याकडे दिलं, की सेकंद सुटतात. स्टॉपवॉच मात्र न सांगता काढू नये. घड्याळ दिसलं की टार्गेट वाढणार, असं कामगार धरून चालतात आणि हात मंदावतात. (अनुभवाने शिकलेत ते, त्यांना दोष देता येत नाही.) त्यापेक्षा "काका, इथे काय नडतंय?" असं विचारावं. मुकाट ऐकून घेणाऱ्या तुमच्या मुलाला हे जास्त जमेल.

या कामातूनच इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, प्रॉडक्शन प्लॅनिंगकडे वाट जाते. पदवी हवी असेल तर डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहेच. रोज बारा-बारा तास थांबवून घेत असतील, तर मात्र कंपनी बदलावी. तळेगाव, रांजणगावलाही लाइनी आहेत.

कोडिंगची खरंच ओढ असेल तर वेगळं बोलू. पत्रात तरी ती मला दिसली नाही, तेव्हा कोर्सची फी एवढ्यात भरू नका.