पुरातत्त्वशास्त्र आणि मानववंशशास्त्र एकमेकांना नेमके काय देतात?

आपण विचारले आहे की, आशियातील संशोधनात पुरातत्त्वशास्त्र (जमिनीतल्या अवशेषांवरून भूतकाळाचा अभ्यास) आणि मानववंशशास्त्र (माणसाच्या शरीराचा व जिवंत समाजांचा अभ्यास) यांचा परस्परांना खरोखर उपयोग होतो का, आणि पुढील शिक्षणासाठी एकच विषय घ्यायचा असेल तर दुसऱ्याकडे किती लक्ष द्यावे. मी पुरातत्त्व शिकलो आणि आता कोल्हापुरात राहतो, म्हणून उत्तर आपल्या मुलखातल्या उदाहरणांनीच देतो.

उपयोग होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ साली ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे हे दोघेही रुजू झाले, आणि गुजरातमधील लांघणज येथील शोधमोहिमेत पुरातत्त्वज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी एकत्र काम केले. जमिनीतून निघालेली गारगोटीची हत्यारे आणि त्यांच्या सोबतचे मानवी सांगाडे यांचा विचार एकाच ठिकाणी झाला पाहिजे, हे आपल्याकडे इतक्या लवकर ओळखले गेले होते.

पण खरी कसोटी इनामगावची. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या सुमाराची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांत लहान मुलाची हाडे. प्रौढांना मात्र पुरताना त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली. एकाच माणसाला, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेले होते आणि त्याची पावले शाबूत होती. जवळच पाच खोल्यांचे घर व धान्याचे कोठार सापडल्यामुळे तो वस्तीचा प्रमुख असावा, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. हा विचार करण्यासाठी लागणारी ‘प्रमुखाच्या हाताखालचा समाज’ ही कल्पना मातीतून निघालेली नाही. ती मानववंशशास्त्राने जिवंत समाजांच्या अभ्यासातून घडवली आहे. मातीने फक्त पावले, खोल्या आणि कोठार दिले, म्हणूनच ती कल्पना इथे बसते की बसवली जाते, हा प्रश्न विचारत राहणे भाग असते.

याच वस्तीच्या उत्तरकाळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. त्यांची मांडणी समजून घेण्यासाठी संशोधकांनी फासेपारध्यांच्या झोपड्यांशी तुलना केली. तुलना उपयोगी आहे, परंतु माझ्या मते सर्वांत जास्त जपावे ते इथेच. पारध्यांसारख्या जमातींना १८७१ पासून लागू होत गेलेल्या कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यांच्या आजच्या झोपडीमागे हा अलीकडचा इतिहास आहे. तिला तीन हजार वर्षांपूर्वीचा अवशेष म्हणणे हे शास्त्र म्हणूनही चूक आहे आणि माणूस म्हणूनही.

ही चूक दुरुस्त करायला पुरातत्त्वच मदत करते. राजस्थानातील बागोर येथे शिकारीवर आणि जनावरांवर जगणाऱ्या लोकांच्या वस्तीत सूक्ष्म दगडी हत्यारांबरोबर तांब्याचे बाणाग्र सापडले. म्हणजे धातू वापरणाऱ्या शेजाऱ्यांशी त्यांची देवघेव होती. जंगलातली जमात जगापासून तुटलेली असते आणि तिचे जीवन युगानुयुगे बदलत नाही, हा जुना समज अशा पुराव्यापुढे टिकत नाही.

कारागिरीच्या बाबतीत तुलना अधिक भरवशाची ठरते, कारण माती, आग आणि दगड यांचे नियम बदलत नाहीत. गुजरातमधील खंभात येथे अकीक दगडाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांकडे जाऊन पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर, मास्सिमो विडाले आणि कुलदीप भान यांनी केवळ मणी कसा घडतो एवढेच पाहिले नाही. धंदा एका व्यापाऱ्याच्या मुठीत असेल तर दगडाच्या कपच्या कुठे पडतात आणि स्वतंत्र कारागीर असेल तर कुठे, याचाही त्यांनी शोध घेतला. हडप्पा संस्कृतीच्या कारखान्यांतला कचरा त्यामुळे वाचता येऊ लागला. फिलिपाइन्समधील कलिंगा लोकांत पुरातत्त्वज्ञ विल्यम लाँगेकर यांनी मडक्यांचे आयुष्य मोजले. रोज चुलीवर चढणारे भांडे लवकर फुटते आणि मोठा रांजण वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे उकिरड्यावरच्या खापऱ्या मोजून घरातली भांडी सांगता येत नाहीत.

आता आपल्या निवडीविषयी. मुख्य विषय पुरातत्त्व घ्यावा, पण एखादा हंगाम जिवंत वस्तीत काढल्याशिवाय उत्खननाला जाऊ नये. सुरुवात कोल्हापुरातच करता येईल. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडातून १९४०च्या दशकात निघालेली, वीतभरही उंच नसलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. ती रोमन जगातून आली, इतके पुरातत्त्व सांगते. पंचगंगेकाठच्या सातवाहनकालीन घरात तिच्यापुढे दिवा लागत होता, की ती केवळ दुरून आलेली मौल्यवान वस्तू म्हणून जपली जात होती, हे विचारायला मात्र मानववंशशास्त्र लागते. मूर्ती पाहून झाल्यावर एखाद्या कुंभाराकडे जावे, तो लाकडी थापटण्याने मडक्याची भिंत वाढवताना आतल्या हाताने आधाराचा टणक गोळा कसा धरतो ते पाहावे, आणि परत संग्रहालयात येऊन खापरांच्या आतल्या बाजूला उमटलेले खळगे शोधावेत.