'रक्तपेशी मार्कर' म्हणजे ट्यूमर मार्कर का?

प्रश्न असा: थायरॉइड कर्करोगाच्या संदर्भात 'रक्तपेशी मार्कर' हा शब्द वाचला. हा ट्यूमर मार्करच का, आणि त्याला मराठीत काय म्हणावे?

ट्यूमर मार्कर नव्हे. ट्यूमर मार्कर म्हणजे गाठीच्या पेशींतूनच येणारा, रक्तात मोजता येणारा पदार्थ. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन थायरॉइडच्याच पेशी तयार करतात. त्यामुळे पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकारात संपूर्ण ग्रंथी काढल्यावर ते पुन्हा चढू लागले, तर आजार उलटल्याची शंका येते. मेड्युलरी प्रकारात कॅल्सिटोनिन पाहतात. हे खरे ट्यूमर मार्कर.

'रक्तपेशी मार्कर' म्हणजे इथे साध्या सीबीसीतून (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतून) काढलेले भागाकार: एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट. समजा, पांढऱ्या पेशी ८,००० आहेत. त्यांत न्यूट्रोफिल ६० टक्के, लिम्फोसाइट ३० टक्के. म्हणजे ४,८०० भागिले २,४००, एनएलआर २. प्लेटलेट २,४०,००० असतील तर पीएलआर १००. एनएलआर टक्क्यांवरूनही निघतो; पीएलआरला मात्र लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्याच हवी. २,४०,००० ला ३० ने भागून ८,००० काढणारे भेटतात!

म्हणून मी 'रक्तपेशी-गुणोत्तर' म्हणेन. 'प्रमाण' नको: 'न्यूट्रोफिलचे प्रमाण' म्हटले की वाचक टक्केवारीच समजतो. 'रक्तपेशींचे मार्कर' तर अजिबात नको. त्या षष्ठीने अर्थच पालटतो, कारण पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी४सारख्या प्रथिनांना तसे म्हणतात आणि ती तपासणी निराळी.

आणि 'मार्कर'ला काय, ठामपणे दाखवणारा 'निदर्शक' की नुसता इशारा देणारा 'सूचक'? सूचक. एनएलआर वाढलेला दिसला तरी न्यूट्रोफिल वाढले की लिम्फोसाइट घटले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जंतुसंसर्गात तो वाढतो. स्टेरॉइड चालू असतील तर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट उतरतात, म्हणजे दोन्हीकडून फुगतो. रेडिओआयोडीन उपचारानंतरही लिम्फोसाइट काही काळ कमी राहू शकतात. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या, तर यंत्र प्लेटलेट कमी मोजते आणि पीएलआर खोटाच खाली येतो; तेव्हा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सायट्रेटच्या नळीत नमुना पुन्हा घेतात.

एवढ्या कारणांनी हलणाऱ्या आकड्याला 'निदर्शक' म्हणणे जास्तच होते. 'निदान' हा शब्द तर त्याच्या शेजारीही ठेवू नये. गाठ कर्करोगाची आहे का हे सोनोग्राफी आणि सुईने घेतलेल्या पेशींच्या तपासणीवरून ठरवतात, शस्त्रक्रिया झालीच तर काढलेल्या गाठीच्या तपासणीवरून. गुणोत्तरांचा अभ्यास होतो तो मुख्यतः आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधण्यासाठी. त्याला 'रोगानुमान' चालेल.