वॅलेन्सियात पहिला महिना: खोली बघताना आधी पाद्रोनचं विचार

तू लिहिलंयस की सप्टेंबरमधे वॅलेन्सियाला मास्टर्सला येतोयस, स्पॅनिश जेमतेम ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी, झालंय आणि पहिल्या महिन्यात आधी काय करायचं तेच कळत नाहीये. मी इथे २०१९ पासून आहे, जे माहितीये ते सगळं लिहिते, जरा लांबेल पण नीट वाच.

सगळ्यात आधी खोली. पण खोली बघताना भाडं आणि कॅम्पसचं अंतर याच्याही आधी मालकाला एकच विचार, "मे पुएदो एम्पाद्रोनार आकी?", म्हणजे या पत्त्यावर माझं पाद्रोन होईल का. पाद्रोन म्हणजे तू या घरात राहतोस अशी नगरपालिकेच्या रजिस्टरमधली नोंद, आणि हा कागद नसला की पुढची बरीच कामं अडतात. बरेच मालक याला नको म्हणतात. माझी पहिली खोली छान उन्हाची होती, मालकीणबाई इतक्या प्रेमळ की रोज संत्री आणून द्यायच्या, पण पाद्रोनचं नाव काढलं की विषय बदलायच्या, शेवटी तीन आठवड्यांनी दोन बॅगा ओढत बेनीमाक्लेतला राहायला गेले. तू सरळ तिथेच शोध, विद्यार्थ्यांचीच वस्ती आहे, ट्रामने दोन्ही मोठ्या युनिव्हर्सिट्या जवळ. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस, मालक "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियर करतो" म्हणाला तर तिथेच थांब.

दुसरं, तीए. हे तुझं इथलं ओळखपत्र. सहा महिन्यांच्या वर राहणार असशील तर स्पेनमधे आल्यापासून एका महिन्यात अर्ज करायचा असतो. फॉर्म ईएक्स-१७, फी ७९० नंबरच्या, कोड ०१२ वाल्या फॉर्मने बँकेत भरायची, फोटो, पासपोर्ट, पाद्रोनचा कागद, आणि पोलिसांकडे बोटांचे ठसे. यातलं काहीच अवघड नाही, अवघड आहे ती अपॉइंटमेंट, तिला इथे थीता म्हणतात आणि हा शब्द तुला दिवसातून दहा वेळा ऐकू येईल. पहिल्या दिवसापासून साइट बघायला लाग, आधी जरा सेटल होतो मग बघतो असं करू नकोस, महिना कसा जातो कळत नाही.

आता नावाचं, हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं, एक आईचं. आपण लिहितो स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि ते त्यांना एक नाव आणि दोन आडनावं असंच दिसतं. मी ठसे द्यायला बसले होते, खिडकीतून बाई दोनदा ओरडल्या, "बासांत!", इथे व चा उच्चार ब होतो, वडिलांचं वसंत नाव मला बोलावतंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही, नंबर गेला आणि पुन्हा थीता शोधण्यात अजून तेरा दिवस. म्हणून फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच भर: नोम्ब्रेच्या (नावाच्या) रकान्यात तुझं आणि वडिलांचं नाव, पहिल्या आपेयीदोत (आडनावाच्या रकान्यात) आडनाव, दुसऱ्या आपेयीदोत आडवी रेघ. युनिव्हर्सिटी, बँक, इन्शुरन्स, पाद्रोन सगळीकडे हेच. एका ठिकाणी उलटं पडलं की दुसऱ्या ठिकाणी तू वेगळाच माणूस ठरतोस. अजून एक, तुझं नाव पुकारलं जाईल तेव्हा वडिलांच्या नावाकडेही कान ठेव.

भाषेची भीती बाळगू नकोस. त आणि द आपले दातांचे असतात तसेच बोल, इंग्रजीसारखा ट ड करू नकोस, र नीट फिरव, ञ तर आपल्याकडे आहेच. इंग्रजी मातृभाषा असलेले माझे वर्गमित्र महिनोन्महिने या आवाजांशी झगडत होते. फक्त मास्टर्सच्या ग्रुपची भाषा आत्ताच ईमेल करून विचार, इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत काही वर्ग वालेन्सियानोमधे असतात, आणि ती वेगळी भाषा आहे, ए१ स्पॅनिशवर काही कळणार नाही.

बाकी पटापट. बँक अकाउंट झालं की बीसुम चालू कर, आपल्या यूपीआयसारखं आहे, रूममेट लाइटबिल त्यावरच मागतात. मास्टर्सवाल्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, पण पहिलं सेमिस्टर जाऊ दे. रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद, शनिवारीच भाजी भर. शाकाहारी असशील तर नुसतं "वेजेतारियानो" म्हणून भागत नाही, साध्या सॅलडवर ट्यूना मासा येतो आणि डाळीत चोरीसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, म्हणून "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून" (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) असं एकेक नाव घेऊन सांग. तूरडाळ रुसाफातल्या दुकानांत मिळते, कुकर मात्र घरून आण, स्टीलचा इंडक्शनवर चालणारा, अॅल्युमिनियमचा इथल्या बऱ्याच शेगड्यांवर चालत नाही.

खोलीची जाहिरात आवडली की पैसे पाठवायच्या आधी मला लिंक पाठव, मी मालकाला फोन करून पाद्रोनचं विचारते, मला इथून एक फोन करायला पाच मिनिटं लागतात.