तीन बिंदू एका रेषेत नकोत

प्रश्न : सांत प्रक्षेपी प्रतल म्हणजे काय? शाळेत तर रेषेवर अनंत बिंदू असतात असं शिकलो.

उत्तर : शाळेतली रेषा जरा बाजूला ठेवा. इथे बिंदू मोजकेच असतात. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि कोणत्याही दोन रेषा एका बिंदूत भेटतात; समांतर रेषा नाहीतच. प्रत्येक रेषेवर न+१ बिंदू असतील तर प्रतलाची कोटी न, आणि एकूण बिंदू न²+न+१. सर्वांत लहान ते फानोचं : ७ बिंदू, ७ रेषा. ‘डॉबल’ हा पत्त्यांचा खेळ (कोणत्याही दोन पत्त्यांवर नेमकं एक चित्र सामाईक) कोटी ७ वर बेतलेला आहे. त्यात ५७ पत्ते बसतात, डब्यात मात्र ५५च.

प्रश्न : कोणतेही तीन एका रेषेत येणार नाहीत, असे जास्तीत जास्त किती बिंदू निवडता येतील?

उत्तर : कागद-पेन घ्याच. निवडलेल्या एका बिंदूतून न+१ रेषा जातात. प्रत्येकीवर निवडलेला आणखी एकच बिंदू बसू शकतो. म्हणजे एकूण फार तर न+२. आता समजा, न+२ जमले. मग कोणत्याही रेषेवर आपले बिंदू एकतर शून्य, नाहीतर दोन. एक कधीच नाही. बाहेरचा कुठलाही बिंदू घ्या. त्यातून जाणाऱ्या रेषा आपल्या बिंदूंच्या जोड्या लावून टाकतात, कोणीही एकटा उरत नाही. म्हणून न+२ सम हवा. न विषम असेल तर खेळ खल्लास, न+१ वर थांबायचं! ही मर्यादा राजचंद्र बोस यांनी १९४७ साली मांडली, तीही संख्याशास्त्रातल्या प्रयोगांचे आराखडे आखताना. फानोत कोणतीही एक रेषा पुसा. उरलेले चार बिंदू म्हणजेच न+२.

प्रश्न : विषम कोटीत असे न+१ बिंदूंचे संच किती प्रकारचे?

उत्तर : सांत क्षेत्रावरून, म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चालतील अशा मोजक्या संख्यांवरून, बांधलेल्या प्रतलात एकच : शांकव (वर्तुळ, लंबवर्तुळ यांच्या कुळातला वक्र). बेनियामिनो सेग्रे यांनी १९५५ साली हे सिद्ध केलं. अट फक्त मोजणीची घातली आणि हाती दुसऱ्या घाताचं समीकरण आलं, याचं मला अजून नवल वाटतं. सम कोटीत इतकी शिस्त नाही. तिथे शांकवाच्या साऱ्या स्पर्शिका एकाच बिंदूतून जातात आणि तो बिंदू मिळवला की न+२ होतात. पण कोटी १६ मध्ये शांकवाशी संबंध नसलेला न+२ बिंदूंचा संचही १९५८ साली सापडला.

प्रश्न : उलट, प्रत्येक रेषा कुठेतरी अडवायची, म्हणजे तिच्यावर आपला निदान एक बिंदू हवा असेल तर?

उत्तर : एक अख्खी रेषा घेतली की झालं, पण ती पळवाट. ती बंद केली, म्हणजे निवडीत कोणतीही रेषा अख्खी नको असं ठरवलं, तर निदान न+√न+१ बिंदू लागतात (ब्रूएन, १९७०). सांत क्षेत्रावरून बांधलेल्या कोटी ९ च्या प्रतलात १३ पुरतात, आणि ते १३ म्हणजे आत दडलेलं कोटी ३ चं अख्खं प्रतल.