आधी तेलाचा उगम शोधा, मगच क्लचप्लेट बदला

माल भरून तुळजापूरचा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) खालून तेल टिपकते, आणि मेकॅनिक नुसती क्लचप्लेट बदलू म्हणतो. तेवढ्याने भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही.

क्लचप्लेट ही फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली असते. तो दाब डायफ्रॅम स्प्रिंग देते आणि प्लेटच्या अस्तराच्या घर्षणामुळे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टपर्यंत पोहोचतो. पेडल दाबले की फोर्क रिलीज बेअरिंगला स्प्रिंगच्या बोटांवर ढकलतो व प्लेट मोकळी होते. हे सारे कोरडे राहिले तरच चालते. अस्तरात तेल मुरले, की नवी प्लेटही घसरू लागते. म्हणून गळती तशीच ठेवून प्लेट बदलणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय.

बेल हाउसिंगमध्ये तेल प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येते: क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागील ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते, तर गिअर ऑइल सहसा फिकट, दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असते. खाली पांढरा कागद अंथरून रात्रभर गाडी उभी केली तर बरेचसे उत्तर सकाळी मिळते. मात्र टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) गळणारे तेलही इंजिनाच्या पाठीवरून ओघळत तेथेच येते, तेव्हा वरचा भाग आधी पुसून पाहावा.

आवाजही ऐकावा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा; पेडल सोडलेले असताना येणारा आणि दाबताच थांबणारा आवाज बहुधा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो.

आपल्या पिकअपमध्ये प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) आणि स्टार्टर काढून गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरीचा मोठा वाटा त्यातच जातो. त्यामुळे एकदा उघडल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, दोन्ही सील आणि असल्यास पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे) एकत्रच बदलून घ्यावे. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसल्यास ते तपासून घ्यावे. लेथवर किती घासता येईल याला कंपनीने मर्यादा घातलेली असते.

आपल्याकडे सर्व सुटे भाग डिझेलने धुण्याची सवय आहे, पण रिलीज बेअरिंग कधीही धुऊ नये, कारण आतले ग्रीस निघून जाते. अस्तराची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावी. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या दातेरी खाचांवर) ग्रीसचा अगदी पातळ थर पुरतो.

बसवताना प्लेटची योग्य बाजू फ्लायव्हीलकडे ठेवून ती अलाइनमेंट टूलने मध्यावर आणावी, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळत जावेत आणि बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना जागेवर आहेत याची खात्री करावी, कारण दोन्ही शाफ्ट एका रेषेत येणे त्यांच्यावर अवलंबून असते. गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. त्याने नवी प्लेट वाकते. गिअरबॉक्स पूर्ण भिडत नसेल तर बोल्ट आवळून तो ओढणे ही सर्वांत घातक घाई आहे, हाउसिंगचा कान (बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग) तुटतो.

केबलचा क्लच असेल तर पुस्तिकेतील मापाइतकी मोकळी चाल पेडलला ठेवावी, आणि पहिले काही शे किलोमीटर भरलेली गाडी घाटात नेऊ नये.