आधी बहिणीचा वाटा, मग मनःशांती

कॅनडातल्या मिसिसॉगाहून लिहिणाऱ्या बंधूंना,

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले : "दर उपवासकाळात पापनिवेदन करतो, फादर क्षमा देतात, पण आईच्या पश्चात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतल्याचे ओझे काही उतरत नाही." मुलगा मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येत नाही आणि नातवंडांना मराठी प्रार्थना येत नाहीत, असेही तुम्ही लिहिले आहे. मुलाशी वाद घालू नका, आणि घरची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आपल्या भाषेत चालू ठेवा. खरे दुखणे वसईच्या वाडीत आहे, म्हणून त्याविषयीच बोलते.

ओझे उतरत नाही याचे मला नवल वाटत नाही. देवाच्या क्षमेविषयी शंका घेऊ नका. परंतु प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापनिवेदनात, पश्चात्ताप आणि कबुली यांच्याबरोबर भरपाईही येते, आणि दुसऱ्याचे नुकसान शक्य तितके भरून द्यावे, चोरलेले परत करावे, असे कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद १४५९) स्पष्ट सांगितले आहे. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने येशूला घरी नेले तेव्हा नुसते डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. "बहिणीने स्वखुशीने सही केली" असे तुम्ही लिहिता, आणि लगेच "कागद तिला वाचून दाखवला नव्हता" असेही लिहिता. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती मुलामुलींचा वाटा सारखाच असतो. आपण दूर आलो की गावची भांडणे दुसऱ्याच कुणाची तरी वाटू लागतात, पण बंधो, विमानात बसल्याने ती मिटत नाहीत.

माझ्या वडिलांनी धाकट्या काकांची विहिरीकडची वाट तारेचे कुंपण घालून अडवली होती. एका पवित्र सप्ताहात ते पापनिवेदन करून घरी आले, कपडेही न बदलता पकड घेऊन वाडीत गेले आणि एकेक तार कापून त्यांनी भेंडोळे बांधाशी ठेवले. दुसऱ्या सकाळी काकू कळशी घेऊन त्या वाटेने गेली; काका मात्र पावसाळा लागेपर्यंत बोलले नाहीत, आणि वडिलांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

तेव्हा आधी बहिणीला स्वतः फोन करा, कुणाला मध्ये घालू नका, आणि चूक आडवळणाने न सांगता सांगा. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र नुसते फाडून रद्द होत नाही, म्हणून तिचा वाटा तिच्या नावे करणारा नवा दस्त वसईतल्या वकिलाकडून करून घ्या. जाणे जमत नसेल तर टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवा. जमीन विकून बसला असाल, तर तिच्या वाट्याची रक्कम आजच्या भावाने द्या. तिने रागाने फोन ठेवला तरी दस्ताचे काम थांबवू नका.