टेबल, बॉलपार्क आणि लाल शाई

अरे, पाठ केलेले इंग्रजी वाक्प्रचार लगेच मीटिंगमध्ये फेकू नकोस. महिनाभर नुसते कान उघडे ठेव. 'टेबल' या एका शब्दापायी माझी अख्खी रात्र गेली होती. अमेरिकन क्लायंट म्हणाला, 'लेट्स टेबल धिस.' आपण शिकलो ब्रिटिश वळणाचं इंग्रजी; तिथे टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला घेणं. दोन वाजेपर्यंत बसून आकडे जुळवले. सकाळी कळलं, अमेरिकेत अर्थ बरोबर उलटा, विषय तूर्त बाजूला ठेवू! तेव्हापासून बोलणारा कुठला, हे आधी बघतो.

'बॉलपार्क फिगर' मागितली तर पैशापैशाचा हिशेब देत बसू नकोस. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. ढोबळ आकडा पुरतो. 'दहा ते बारा लाख' म्हण आणि गप्प बस. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात, 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात. जुन्या खतावणीत तूट लाल शाईने मांडत, त्यावरून आलंय. शेअरवाल्यांचं 'ब्लू चिप' मात्र थेट पोकरच्या टेबलावरचं, तिथे निळी चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, पूर्वी सगळ्यात महाग असायची. जुगारातला शब्द भरवशाच्या कंपन्यांना चिकटलाय, गंमतच आहे.

लाच दिली की आपल्याकडे हात ओले होतात, इंग्रजीत तळहाताला ग्रीस लागतं.

आणि ते 'डू द नीडफुल', म्हणजे 'योग्य ते करा', परदेशी ईमेलमधून काढून टाक. काय हवंय ते सरळ लिही : शुक्रवारपर्यंत बिल पाठवा.